२^६४ − १ : प्रदर्शन फलकाच्या प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर २०२५

२२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनासाठी नागपूरच्या धरमपेठेतल्या शाळेच्या सभागृहात एकाच संख्येची भिंत उभी करायची आहे. संख्या ठरली:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे म्हणून ती सगळ्यांना ऐकून माहीत आहे. दाण्यांचं वजन, पोत्यांची रास, पृथ्वीभोवती वेढे असलं काही भिंतीवर घेणार नाही. ते जागोजागी सापडतं आणि त्यातून या संख्येविषयी काहीच कळत नाही. कुठलीही वीस अंकी संख्या तेवढीच रास करेल. फलकावर तेच यायचं जे हिचं स्वतःचं आहे.

नावं: भास्कराचार्यांच्या लीलावतीतली यादी परार्धाशी, म्हणजे १०^१७ शी थांबते. त्या हिशेबाने ही संख्या '१८४ परार्ध आणि वर काही' होते. खर्व हा शब्द टाळायचा. लीलावतीत तो १०^१० आहे, तर हिंदीतल्या नील-पद्म-शंख मालिकेत १०^११. एकाच भिंतीवर दोन्ही पद्धती आल्या तर वाचणारा दहापटीने चुकेल.

छपाईचा मजकूर नोव्हेंबर संपायच्या आत द्यायचा. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं की सीताबर्डीतले फ्लेक्सवाले स्वागताच्या बॅनरांतून डोकं वर काढत नाहीत.

९ नोव्हेंबर

अवयव पाडायला यंत्र लागत नाही. वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र पुन्हा पुन्हा वापरायचं:

२^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १)

डावीकडचा कंस पुन्हा फोडायचा, पुन्हा त्याचा डावा. शेवटी उरतात

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

या सहाही फर्मा संख्या आहेत, म्हणजे २ च्या घातात (घातांक १, २, ४, ८, १६, ३२) एक मिळवून झालेल्या. कोणत्याही दोन घेतल्या तरी त्या सहमूळ असतात. मोठी संख्या घेऊन तिच्यातून २ वजा केले की जे उरतं तो तिच्या आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार असतो. तेव्हा सामाईक अवयव असलाच तर तो २ ला भागेल, आणि सगळ्या विषम आहेत.

फर्माला या सगळ्याच मूळ असाव्यात असं वाटलं होतं. पहिल्या पाच आहेत. ६५,५३७ ची खात्री एका भागाकारात होते: तिचा कोणताही मूळ विभाजक ६४क + १ या रूपाचा असायला हवा, वर्गमूळ २५६ च्या किंचित पुढे, आणि तेवढ्यात या रूपाची मूळ संख्या एकच, १९३. बाकी ११० उरते. झालं. २५७ साठी तोही भागाकार नको, कारण तिथे रूप ३२क + १ आणि वर्गमूळ १६.

सहावी मात्र मूळ नाही.

१२ नोव्हेंबर

ही नोंद लांबणार, कारण पुढचं जवळजवळ सगळं इथून निघतं.

ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं की ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. त्याचा निकष ६४क + १ होता. त्या वाटेने मूळ संख्या येतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पुढे ल्युकाने निकष आणखी आवळला: १२८क + १. मग उरतात २५७ आणि ६४१. २५७ स्वतःच फर्मा संख्या असल्याने सहमूळ. म्हणजे पहिलाच खरा भागाकार लागू पडतो.

फलकावर भागाकार न करता पटणारी सिद्धता द्यायची:

६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४.

पहिल्यावरून, ६४१ ने भागल्यास ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ चालतं. म्हणून −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ची बाकी शून्य. नववी-दहावीच्या मुलांना चौथा घात घेण्याची पायरी अडते. तिथे '(−१) चा सम घात' एवढं वेगळ्या रंगात लिहायचं.

दुसरा अवयव ६७,००,४१७. तो मूळ आहे हेही हाताने सिद्ध करता येतं आणि ते सहसा कुणी करून दाखवत नाही. वर्गमूळ २५८८ च्या जरा पुढे. १२८क + १ या रूपात तिथवर वीसच संख्या बसतात, त्यातल्या मूळ फक्त पाच:

२५७ ने भागल्यास बाकी १७०, ६४१ ने ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२.

पाच भागाकारांत मूळपणा सिद्ध. निकष वापरला नसता तर २५८८ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या घासत बसावं लागलं असतं. वीसच्या यादीतल्या १५३७ (२९ × ५३), १७९३ (११ × १६३), १९२१ (१७ × ११३) आणि २५६१ (१३ × १९७) या मूळ असल्यासारख्या दिसतात. त्यांचे अवयव यादीशेजारीच छापायचे, म्हणजे शंका काढणाऱ्याला उत्तर समोर मिळेल.

पूर्ण विघटन: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५,५३७ × ६७,००,४१७. सात मूळ अवयव, एकही दोनदा नाही.

शेजारीण २^६४ + १ हिलाही एक ओळ द्यावी. ती पुढची फर्मा संख्या: २,७४,१७७ × ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. हे विघटन लँड्रीने १८८० मध्ये काढलं. दोघींमध्ये फक्त २ चा फरक, पण एक क्षणात उकलते आणि दुसरीला दीड शतक जास्त लागलं. वर्गांच्या वजाबाकीसारखी पायरी तिथे नाही, एवढंच कारण.

१५ नोव्हेंबर

संगणकावरची तपासणी. ही संख्या नेमकी अशा जागी बसली आहे की बहुतेक साधनं इथेच घसरतात.

स्प्रेडशीट पंधरा सार्थ अंकच धरते. शेवटचे पाच अंक शून्य होतात आणि ते ती सांगतही नाही. संख्या मजकूर म्हणून ठेवली तर दिसते बरोबर, पण मग गणित होत नाही. स्प्रेडशीट बाद.

पायथॉनमध्ये पूर्णांक हवा तेवढा मोठा चालतो, पण एकेरी तिरकी रेघ वापरून भागाकार केला की उत्तर दशांश स्वरूपात जातं. ३ ने भागल्यावर हवं ६१,४८,९१,४६,९१,२३,६५,१७,२०५, मिळतं ६१,४८,९१,४६,९१,२३,६५,१६,८६४. फरक ३४१. कारण, दशांश स्वरूपात ५३ बिटच अचूक राहतात. २^६२ ते २^६३ या पट्ट्यात दोन लगतच्या संख्यांमध्ये १०२४ चं अंतर पडतं. दुहेरी तिरकी रेघ वापरायची.

वर्गमूळ याहून फसवं. साधं वर्गमूळ घेऊन पूर्णांक केला तर ४,२९,४९,६७,२९६ येतं. त्याचा वर्ग बरोबर २^६४, म्हणजे आपल्या संख्येपेक्षा १ ने मोठा. दशांशात जाताना २^६४ − १ ही आधीच २^६४ होऊन बसते. पूर्णांक वर्गमूळाचं वेगळं फल (आयएसक्यूआरटी) वापरलं की ४,२९,४९,६७,२९५ हे बरोबर उत्तर मिळतं.

सी भाषेत चिन्हविरहित ६४ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. १ मिळवला की शून्य. चिन्हासहित छापली की −१. दोन ६४-बिट संख्यांचा गुणाकार करून बाकी काढायची असेल तर मध्ये १२८ बिट लागतात, नाहीतर वरचे बिट गळतात आणि बाकी चुकते, तीही कुठलाही इशारा न देता.

भागाकार करत जाणारा साधा प्रोग्राम इथे क्षणात संपतो. ३, ५, १७, २५७, ६४१ काढल्यावर उरतात ४,३९,१२,५२,२८,९२९. तिचं वर्गमूळ ६ लाख ६२ हजारांच्या घरात, पण ६५,५३७ वर आलं की उरते ६७,००,४१७, आणि तिचं वर्गमूळ आधीच ओलांडलेलं असतं. दर अवयवानंतर वर्गमूळाची मर्यादा नव्याने काढायला हवी. ती सुरुवातीचीच ठेवली तर हाच प्रोग्राम ४२९ कोटींपर्यंत घरघरत राहतो.

१९ नोव्हेंबर

विभाजक: सात वेगळे मूळ अवयव, म्हणून २^७ = १२८. वर्गमूळाला सर्वांत जवळची जोडी ४,२९,४९,६७,२९५ आणि ४,२९,४९,६७,२९७, फरक फक्त २.

विभाजकांची बेरीज ३,१४,२१,९८,०९,८९,१८,९८,८८,७६८. स्वतःला वगळलं तर संख्येच्या सुमारे ७० टक्के. परिपूर्ण व्हायला, म्हणजे ती बेरीज संख्येएवढीच यायला, बरीच कमी. यात फारसं पाहण्यासारखं नाही.

पाहण्यासारखं आहे ते ऑयलरच्या फाय फलात, म्हणजे हिच्यापेक्षा लहान आणि हिच्याशी सहमूळ संख्या किती, यात. प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून गुणाकार:

२ × ४ × १६ × २५६ × ६४० × ६५,५३६ × ६७,००,४१६ = ९२,०८,९८,१६,२८,६७,०४,४३,५२०

सहावी फर्मा संख्या मूळ असती तर ६४० आणि ६७,००,४१६ च्या जागी एकटा २^३२ आला असता आणि गुणाकार झाला असता नेमका २^६३. प्रत्यक्ष उत्तर त्यापेक्षा ०.१५६ टक्क्यांनी कमी आहे. आणि १ भागिले ६४१ म्हणजेही ०.१५६ टक्के. जवळजवळ सगळी तूट त्या एका अवयवाची. फलकावर फायची किंमत या तुलनेसकटच छापायची. नुसती एकोणीस अंकी संख्या पाहून कुणी थांबणार नाही.

२३ नोव्हेंबर

वर्गांची बेरीज. दोन वर्गांत ही मांडता येत नाही: ३ हा अवयव एकदाच येतो आणि त्याला ४ ने भागल्यास बाकी ३. तीन वर्गांतही नाही, कारण ८ ने भागल्यास बाकी ७ (लजांद्रचा निकष). चार वर्गांत कोणतीही धन संख्या बसते, हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं. पण चार वर्ग शोधून दाखवायचे कसे? प्रयोग करत बसण्यापेक्षा रचना सोपी आहे.

३ सोडून बाकी पाचही फर्मा संख्या 'वर्ग अधिक १' आहेत: २² + १, ४² + १, १६² + १, २५६² + १, ६५,५३६² + १. दोन वर्गांच्या दोन बेरजा गुणल्या की पुन्हा दोन वर्गांची बेरीज मिळते, हे निदान ब्रह्मगुप्ताच्या वेळेपासून माहीत आहे. (प, फ) ही जोडी (म, १) ने गुणायची म्हणजे नवी जोडी (पम − फ, प + फम):

(२, १) → (७, ६) → (१०६, १०३) → (२७,०३३, २६,४७४) → (१,७७,१६,०८,२१४, १,७३,५०,२७,०९७)

दर टप्प्यावर पडताळा घ्यायचा: ४९ + ३६ = ८५, १०६² + १०३² = २१,८४५. वजाबाकी आणि बेरीज यांची अदलाबदल झाली तरी बेरीज बरोबरच येते, फक्त जोडी वेगळी मिळते, त्यामुळे दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर लगेच चूक शोधत बसू नये. या गुणाकाराच्या ३२ वेगवेगळ्या जोड्या आहेत.

आता ३ = १ + १ + १. शेवटच्या जोडीचा फरक आणि बेरीज, त्यांच्यासोबत जोडी स्वतः:

३,६५,८१,११७² + ३,५०,६६,३५,३११² + १,७७,१६,०८,२१४² + १,७३,५०,२७,०९७²

बेरीज नेमकी २^६४ − १.

२७ नोव्हेंबर

देवळालीचे गणिती कापरेकर यांच्याशिवाय महाराष्ट्रात संख्यांची भिंत कशी होणार? त्यांच्या दोन कसोट्या लावल्या.

हर्षद, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी: अंकांची बेरीज ८७. म्हणजे ३ × २९, आणि २९ हा हिचा अवयव नाही. ८७ ने भागल्यास बाकी ८१. हर्षद नाही.

स्वयंभू: अशी एखादी संख्या आहे का, की तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की ही मिळते? असल्यास ती जनक, नसल्यास ही स्वयंभू. वीस अंकांमुळे घाबरायचं कारण नाही. जनक फार तर १८० ने लहान असेल, म्हणजे शेवटचे तीन अंक सोडून बाकी सतरा तेच. त्यांची बेरीज ७५. म्हणून मिळवायची बेरीज ७५ ते १०२ मध्ये. ९ ने भागून पाहिलं तर तिची बाकी ३ यायला हवी. उरल्या ७५, ८४, ९३, १०२. ६१५ मधून त्या वजा केल्या तर ५४०, ५३१, ५२२, ५१३. चौघांच्याही अंकांची बेरीज ९, म्हणून खरी बेरीज दर वेळी ८४. जुळतो तो एकच:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,५३१ + ८४

जनक आहे आणि एकच आहे. स्वयंभू नाही. हा फलक मुलांना सोडवायला द्यावा, उत्तर झाकून.

मजकूर छपाईला गेला. प्रूफ तपासायची रीत: अंकांची बेरीज ८७ एवढ्याने भागत नाही, कारण दोन अंकांची अदलाबदल झाली तरी ती तीच राहते. उजवीकडून एकाआड एक अधिक-उणे करून ३७ यायला हवेत. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले की हे बिघडतं. दोन्ही तपासण्या प्रत्येक मोठ्या संख्येवर, आणि स्वल्पविराम वेगळे मोजायचे: या संख्येत नऊ.

३ डिसेंबर

मेरुप्रस्ताराचा, म्हणजे पास्कलच्या त्रिकोणाचा फलक. आठ बाय चार फुटी प्लायचा अर्धा भाग, म्हणजे १२२ सेंमी चौरस. घर १.८ सेंमीचं, ६४ घरं म्हणजे ११५.२ सेंमी. काटकोनात मांडणी, ओळी ० ते ६३. विषम संख्येच्या घरात १२ मिमीची टिकली, सम घर मोकळं. एकूण घरं २०८०, टिकल्या ३^६ = ७२९. इतवारीतून टिकल्यांची पाकिटं आणताना ८०० च्या वर धरायच्या, चिकट कमी असलेल्या गळतात.

टिकली म्हणजे १, मोकळं घर म्हणजे ० असं वाचलं की ओळी होतात १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७... पहिल्या बत्तीस ओळी म्हणजे पाच फर्मा मूळ संख्यांपासून होणारे सगळे बत्तीस विभाजक. पहिला १ सोडला तर बाकी एकतीस म्हणजे पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांची आज माहीत असलेली पूर्ण यादी. ओळ ३२ म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, आणि ओळ ६३, चौसष्टच्या चौसष्ट टिकल्या, म्हणजे आपली संख्या.

ओळींत १२८ पैकी ६४ च विभाजक दिसतात. ६४१ आणि ६७,००,४१७ मेरूत नेहमी जोडीनेच येतात, सुटे कधीच नाहीत.

चिकटवताना: वरच्या ओळीतली एक टिकली चुकली की खालचं सगळं भरकटतं. ओळीचा क्रमांक द्विमान पद्धतीत लिहून त्यातले १ मोजायचे, २ चा तेवढा घात म्हणजे त्या ओळीतल्या टिकल्या. ओळ २१ ला (१०१०१) आठ हव्यात. ओळ १६ आणि ओळ ३२ ला फक्त दोन टोकं. तिथे तिसरी टिकली आली तर खाली जायचं नाही, वर शोधायचं.

१० डिसेंबर

चौसष्ट दिव्यांचं शिफ्ट रजिस्टर, म्हणजे दर पावलाला सगळे बिट एक घर पुढे सरकवणारी जोडणी. ६४, ६३, ६१, ६० या जागांचे बिट विषम-सम बेरजेने जोडून नवा बिट आत सरकवायचा. सगळे शून्य ही एक स्थिती तिथेच अडकून राहते, म्हणून चक्र २^६४ चं नाही, २^६४ − १ चं. दहा पावलं सेकंदाला टाकली तर चक्र पुरं व्हायला सुमारे ५,८४५ कोटी वर्षं.

पूर्ण चक्राची खात्री चालवून घेता येत नाही, ती अवयवांनी घ्यायची. सुरुवातीची स्थिती २^६४ − १ पावलांनी परत यायला हवी, आणि सातही मूळ अवयवांनी भागून आलेल्या पावलांवर परत यायला नको. सहा फर्मा संख्यांवर भागवणं इथे चुकतं. समजा खरं चक्र ६४१ पट छोटं, म्हणजे २८,७७,८०,७१,८७,७८,६२,०१५ आहे. ४,२९,४९,६७,२९७ ने भागून केलेली तपासणी ते पकडतच नाही. ६४१ आणि ६७,००,४१७ वेगळे तपासावे लागतात. आमच्या चार जागा सातही तपासण्यांत पार. अशा चक्राच्या ६४ घाताच्या बहुपदी १,४३,८९,०३,३७,९४,७९,७५,६८० आहेत, म्हणजे फायची किंमत भागिले ६४.

जोडणी: ७४एचसी५९५ आठ नग, प्रत्येकाशेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दर लाल एलईडीला ४७० ओहम. एका चिपची एकूण मर्यादा ७० मिलिअँपिअर. आठही दिवे लागले तर सुमारे ५० होतात. २२० ओहम लावले तर मर्यादा ओलांडते. सगळे मिळून ४०० च्या वर, म्हणून आर्डुइनोच्या यूएसबीवर भार टाकायचा नाही. पाच व्होल्ट एक अँपिअरचा वेगळा अडॅप्टर, जमीन तार दोघांची एकच.

आर्डुइनो युनोवर साधा पूर्णांक १६ बिटांचा. १ ला ६३ घरं सरकवायचं तर त्या १ ला यूएलएल हा प्रत्यय हवाच, नाहीतर वरचे दिवे कधी पेटतच नाहीत आणि शंका वायरिंगवर जाते. ६४-बिट संख्या सीरियल मॉनिटरवर सरळ छापता येत नाही. ३२-३२ बिटांचे दोन तुकडे करून सोळाच्या पायात छापायच्या, डावीकडची शून्यं भरून.

१४ डिसेंबर

फ्लेक्स आले. चार वर्गांच्या फलकावर वर्गाचं चिन्ह छपाईत खाली उतरून '११७२' असं दिसतंय. तेवढी ओळ वेगळ्या कागदावर काढून वरून चिकटवायची. बाकी संख्या ८७ आणि ३७ सारख्या दोन्ही तपासण्यांत पार. मेरूच्या ओळ ४८ ला चार टिकल्या आहेत, त्या ०, १६, ३२, ४८ या घरांतच आहेत. दिव्यांचा डबा आता सलग चालू ठेवलाय. सुरुवातीची स्थिती सगळे एक, म्हणजे तीच संख्या.